क्रूझरला उंच हँडल: चार बोल्टांचं काम आणि दिवसभराचा खटाटोप

क्रूझर मोटरसायकलचं उंच हँडल जागेवर धरून ठेवणारे बोल्ट फक्त चार. ते खोलून नवं हँडल ठेवायला अर्धा तास पुरतो. उरलेला दिवस जातो तो क्लच वायर, एक्सलेटर वायर, पुढच्या डिस्कचा पाइप आणि स्विचचं वायरिंग नव्या उंचीपर्यंत पोहोचवण्यात. हँडल आधी घेऊन मग ‘आता वायरी पुरत नाहीत’ म्हणून अडकलेल्या गाड्या गॅरेजांत नेहमी उभ्या दिसतात. म्हणून आधी माप घ्या, मग वायरी आणि पाइप कुठून मिळणार ते ठरवा आणि हँडलचे पैसे सगळ्यात शेवटी मोजा.

किती उंच

गाडी मेन स्टँडवर किंवा कुणाला तरी सरळ धरायला लावून नेहमीसारखं बसा. डोळे मिटा, कोपर थोडं वाकवून हात पुढे करा आणि मुठी जिथे आपोआप थांबतील तिथे दुसऱ्याला टेप लावायला सांगा. क्लॅम्पपासून, म्हणजे हँडल आवळून धरणाऱ्या पकडीपासून, मुठीपर्यंतची उभी उंची आणि मूठ मागे किती आली, ही दोन मापं लिहून ठेवा. मग जुन्या हँडलची तीच मापं घ्या. फरक किती, तेवढंच तुमचं काम.

मूठ खांद्याच्या वर जाऊ देऊ नका. फोटोत ते झकास दिसतं, पण जळगावहून धुळ्याला पोहोचेपर्यंत हातांना मुंग्या येतात, आणि हात वर ताणलेले असताना ब्रेकच्या लिव्हरवर बोटांची पकड सैल पडते. शिवाय महामार्गावर 80 च्या पुढे उघड्या छातीवर वारा बसतो. तो हातांना मागे ओढतो आणि गाडी डोलायला लागते. रोजच्या वापराच्या गाडीला मूळपेक्षा 4 ते 6 इंच जास्त उंची खूप झाली. 10-12 इंचांची हँडलं दाखवायला ठीक.

फक्त इंचभर उंची हवी असेल तर हँडल बदलूच नका. 25 मिमीचे रायझर, म्हणजे हँडलखाली बसणारे उंचीचे ठोकळे, घ्या. बहुतेक गाड्यांत तेवढं मूळ वायरींमध्ये निभावतं. 50 मिमीचे रायझर लावले की मात्र वायरी ताणल्या जाणार हे धरून चाला. अ‍ॅव्हेंजर स्ट्रीट असेल तर आणखी एक सोपा रस्ता आहे. तिच्याच क्रूझ मॉडेलचं उंच हँडल घ्यायचं, आणि त्याबरोबर क्रूझच्याच वायरी व पाइप स्पेअर पार्टच्या काउंटरवर पार्ट नंबर जुळवून मागायचे. कंपनीची मापं मिळतात, डोकेदुखी अर्धी होते.

हँडल निवडताना

आपल्याकडच्या अ‍ॅव्हेंजर, थंडरबर्ड, मेटिओर अशा गाड्यांना मुठीपाशी 22 मिमी, म्हणजे 7/8 इंची नळी लागते. ऑनलाइन दिसणारी बरीच हँडलं हार्लेसाठी बनवलेली, 25.4 मिमी म्हणजे एक इंची असतात. त्यांवर आपले स्विच, ग्रिप, मास्टर सिलिंडरचा (ब्रेकच्या लिव्हरपाशी असलेल्या ऑइलच्या पंपाचा) पट्टा काहीच चढत नाही. काही हँडलं मुठीला 22 पण मधोमध 28.6 मिमी जाड असतात. ती क्लॅम्पमध्ये बसत नाहीत. म्हणून व्हर्नियर (जाडी मोजायची पट्टी) घेऊन दोन ठिकाणी मोजा, मुठीपाशी आणि मध्यभागी. मधल्या भागावर खरबरीत नक्षी हवीच. गुळगुळीत क्रोम क्लॅम्पमध्ये फिरतो.

ट्रॉल्या, नांगर, खाटा बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये पाइप वाकवून हँडल करून घेण्याचा मोह होतो. किंवा जुन्याच हँडलला मध्ये तुकडा जोडून वेल्डिंग मारतात. दोन्ही टाळा. साध्या बेंडिंग मशीनवर पाइप वाकताना बाहेरच्या बाजूला पातळ होतो आणि आत चपटतो. मग तडा तिथेच जातो. वेल्डच्या शेजारचा पट्टाही कमजोर पडतो. ट्रॉलीचा दांडा तुटला तर ट्रॉली थांबते. खड्ड्यात हँडल तुटलं तर हातात फक्त ग्रिप उरतो.

उंचीबरोबर जोर वाढतो हेही ध्यानात घ्या. जुनी उंची 120 मिमी आणि नवी 300 असेल, तर तेवढ्याच धक्क्यात क्लॅम्पवर अडीच पट पीळ बसतो. हँडलच्या बैठकीखाली रबरी बुश असतील तर उंच हँडल त्यांवर झुलायला लागतं. बुश जुने, भेगाळलेले असतील तर याच वेळी कडक बुश टाका.

वायरी आणि पाइपचं माप

समजा जुन्या हँडलची उंची 110 मिमी, नव्याची 260. म्हणजे मूठ 150 वर गेली. मागे आली 60. सरळ रेषेत वाढ झाली साधारण 162 मिमी. त्यात वळणांसाठी 25-30 घाला, म्हणजे 190. वायर मागवताना 200 सांगा. त्याहून फार लांबही नको. जास्तीची वायर हेडलाइटपुढे लोंबते, कुठे तरी अडकते आणि प्रत्येक फालतू वळणावर क्लच जड होतो.

हिशेब कागदावर झाला तरी खात्री गाडीवरच करायची. बरेचजण सुतळीनं माप घेतात आणि चुकतात, कारण सुतळी कोपऱ्यात काटकोनात वळते आणि ब्रेकचा पाइप तसा वळत नाही. त्यापेक्षा ठिबकची बारीक नळी वापरा. खान्देशात ती कुठल्याही शेतात, नाहीतर पंपाच्या खोलीत खिळ्याला टांगलेली सापडते. ती ब्रेकच्या पाइपसारखीच गोल वळण घेते, घट्ट वळवली की दुमडून पांढरी पडते, आणि ‘इथे वळण फार आवळलंय’ हे लगेच कळतं. नवं हँडल, नाहीतर त्याच मापाचा वाकवलेला पीव्हीसी पाइप, क्लॅम्पमध्ये सैल बसवा. मास्टर सिलिंडरपासून पाइप जिथे जातो तिथपर्यंत नळी खऱ्या वाटेनं न्या आणि हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवा. पाइप थेट कॅलिपरला (चाकाची डिस्क दाबणाऱ्या भागाला) जात असेल तर पुढचं चाक जमिनीवरून उचलून फोर्क (पुढचं चाक धरणारे दोन दांडे) पूर्ण लांब होऊ द्या आणि मगच मोजा. फोर्क दबलेला असताना घेतलेलं माप खड्ड्यावरून उडी मारल्यावर आखूड पडतं.

एबीएसच्या, म्हणजे ब्रेक मारल्यावर चाक जाम न होऊ देणाऱ्या यंत्रणेच्या, गाडीत मास्टर सिलिंडरचा पाइप आधी एबीएस युनिटला जातो आणि तिथून दुसरा पाइप कॅलिपरला येतो. बदलायचा तो वरचा. युनिटपासून खालच्या पाइपला हात लावायची गरज नसते.

क्लच आणि एक्सलेटरची वायर करून घेताना गोची एकच होते: बाहेरचं कव्हर वाढवलं, आतली तार वाढवायची विसरले, किंवा उलट. कव्हरबाहेर दिसणारी तार आधी होती तेवढीच राहायला हवी. कव्हर 950 आणि तार 1060 असेल तर उघडी तार 110 मिमी. कव्हर 1150 केलं की तार 1260. काही गाड्यांत एक्सलेटरला दोन वायरी असतात, एक ओढणारी, एक परतणारी. दोन्ही वाढवा. तारेच्या टोकाची गोळी डाग (सोल्डर) मारून पक्की केलेली हवी: तारेचे धागे गोळीत फुलासारखे उघडून मग डाग भरलेला. स्क्रूनं आवळायची गोळी घरी पोहोचण्यापुरती चालते, कायमची नाही. मध्येच जोड दिलेली वायर तर कधीच नको.

आता ब्रेकचा पाइप. एमआयडीसीत आणि ट्रॅक्टर पार्टच्या दुकानांत हायड्रॉलिक पाइप हव्या त्या लांबीचा, टोकं दाबून, दहा मिनिटांत मिळतो. दाब तो सहज सोसतो, म्हणून ‘काही नई व्हत भो’ असं सांगून तोच गळ्यात मारला जातो. पण त्याच्या आतलं रबर ट्रॅक्टरच्या तेलासाठी बनलेलं असतं. डॉट 3 किंवा डॉट 4 ब्रेक ऑइलमध्ये ते फुगतं, मऊ पडतं आणि त्याचे कण सुटून मास्टर सिलिंडरच्या बारीक छिद्रात बसतात. मग ब्रेक सुटतच नाही, चाक घासत राहतं. ब्रेकसाठी म्हणून विकला जाणारा पाइपच घ्या. स्टीलच्या जाळीचा मिळाला तर उत्तम, कारण लांब रबरी पाइप दाबाखाली थोडा फुगतो आणि लिव्हर मऊ लागते. बॅन्जो बोल्टच्या, म्हणजे पाइपचं टोक जोडणाऱ्या पोकळ बोल्टच्या, सांध्यात दोन्ही बाजूंना मिळून दर सांध्याला तांब्याचे दोन वायसर लागतात, म्हणजे एका पाइपला चार. जुने वायसर पुन्हा लावू नका. एकदा दबलेलं तांबं दुसऱ्यांदा नीट सील होत नाही.

खोलणं आणि बसवणं

पाने 8, 10, 12, 14 चे, ॲलन-की 5 आणि 6 ची, टॉर्क पाना, 250 मिली ब्रेक ऑइलची सीलबंद बाटली, मत्स्यपेटीची पारदर्शक नळी आणि भरपूर चिंध्या एवढं जवळ ठेवा. ऑइल कुठलं हे मास्टर सिलिंडरच्या झाकणावरच कोरलेलं असतं. उन्हाळ्यात हे काम पहाटेच उरका. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा 45 च्या वर जातो आणि दुपारी उन्हातल्या टाकीवर हात ठेवणं मुश्कील होतं.

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. सगळ्या वायरींच्या वाटांचे फोटो काढा, फक्त वरून नाही, खालून आणि दोन्ही बाजूंनीही. टाकीवर जाड चादर टाका, कारण ब्रेक ऑइल रंग खातं. थेंब पडलाच तर पुसत बसू नका, आधी पाणी ओता. ग्रिप चिकटलेला असेल तर कडेनं बारीक पेचकस घालून साबणाचं पाणी सोडा आणि फिरवा.

नवं हँडल ठेवण्याआधी क्लॅम्पच्या आतला रंग, ग्रीस, धूळ थिनरनं पुसून काढा. मध्य टेपनं शोधा. बाजूनं पाहिलं तर हँडलचा उभा भाग फोर्कला साधारण समांतर हवा. तो फार मागे कलवला की वळताना हँडल फिरण्याऐवजी आडवं सरकतं, नांगराचं रुमणं धरल्यासारखं, आणि कमी वेगात गाडी सांभाळणं अवघड होतं. क्लॅम्पच्या टोपीवर बिंदू किंवा बाण असेल तर तो पुढे ठेवा, आधी पुढचे बोल्ट पूर्ण आवळा, मग मागचे. फट मागेच राहते. खूण नसेल तर दोन्हीकडची फट सारखी ठेवून आलटून-पालटून आवळा. 8 मिमीच्या बोल्टला 20 ते 25 न्यूटन-मीटर. टॉर्क पाना नसेल तर 22 म्हणजे 20 सेंमी लांब पान्याच्या टोकावर साधारण 11 किलोचा जोर. त्यावर उभं राहून आवळलं की ॲल्युमिनियमचे आटे निघून येतात आणि हँडल ज्यावर बसतं ती अख्खी टॉप प्लेट बदलावी लागते.

स्विचच्या आत एक छोटी खुंटी असते. ती हँडलच्या छिद्रात बसते म्हणून स्विच फिरत नाही. नव्या हँडलला बहुतेक वेळा ते छिद्र नसतं. खुंटी कानशीनं घासून टाकणं सोपं, पण एक्सलेटरच्या बाजूचा स्विच फिरला तर वायर ओढली जाते. म्हणून जुन्या हँडलवरून माप घेऊन खुंटीच्या जाडीचं छिद्र पाडा. आधी सगळं बसवून लिव्हरचा कोन ठरवा, मगच छिद्राची खूण करा. वाकलेल्या जागी किंवा क्लॅम्पजवळ छिद्र नको. लिव्हर अशा कोनात ठेवा की हात पुढे ताणल्यावर बोटं मनगटाच्या रेषेत सरळ तिच्यावर पडतील. बाहेरच्या टोकाचे वजनदार बार एंड पुन्हा लावा. ते गेले की हातांना झिणझिण्या येतात.

क्लचच्या वायरला लिव्हरच्या मुळाशी 2-3 मिमी ढिली चाल ठेवा. एक्सलेटरला ग्रिप फिरवताना तेवढीच. ग्रिप सोडला की तो खटकन परत आला पाहिजे, हँडल सरळ असताना आणि दोन्ही टोकांना वळवूनही.

ब्रेकची हवा

मास्टर सिलिंडरची वाटी सपाट पातळीत येईल असं हँडल फिरवून ठेवा. बॅन्जो बोल्ट 25 ते 30 न्यूटन-मीटरला आवळा. कॅलिपरच्या हवा काढायच्या निपलवर नळी लावून तिचं दुसरं टोक ऑइल असलेल्या बाटलीत बुडवा. लिव्हर तीनचार वेळा दाबा, दाबून धरा, निपल पाव फेरा सैल करा, बुडबुडे निघाले की आवळा, मगच लिव्हर सोडा. हा क्रम उलटला की हवा परत आत. वाटीतलं ऑइल खालच्या रेषेखाली जाऊ देऊ नका.

उंच हँडलमध्ये एक खास अडचण होते. पाइप मास्टर सिलिंडरमधून निघून आधी वर कमान करत असेल तर हवा त्या कमानीत अडकते आणि खालून कितीही ऑइल काढलं तरी लिव्हर स्पंजसारखीच राहते. बॅन्जोची दिशा बदलून पाइप सरळ खाली उतरेल असं करा. ते जमत नसेल तर वरच्या बॅन्जोला चिंधी गुंडाळून लिव्हर दाबून तोच किंचित सैल करा. बहुतेक हवा तिथूनच निघते. राहिलेल्या बारीक बुडबुड्यांसाठी लिव्हर रात्रभर दोरीनं आवळून ठेवा. एबीएस युनिटमध्ये हवा शिरली आणि लिव्हर काही केल्या कडक होत नसेल तर गाडी सर्व्हिस सेंटरला न्या, काही युनिटची हवा त्यांच्या मशीननंच निघते. उघडी राहिलेली जुनी बाटली, विशेषतः पावसाळ्यात, फेकून द्या. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं.

वायरिंग

स्विचच्या वायरी वाढवताना स्विचकडून नाही, कनेक्टरकडून तोडा. तयार एक्स्टेंशन मिळालं तर सगळ्यात बरं. नाहीतर एका वेळी एकच रंग तोडा, जोडा, मग पुढचा. मूळ वायरीएवढी किंवा किंचित जाड वायर वापरा. पातळ वायर लावली की हेडलाइट पिवळट पडतो. प्रत्येक जोड शेजारच्यापासून इंचभर सरकवा, म्हणजे एकाच जागी गाठोडं होत नाही. जोडाला डाग मारा, आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी घाला. डाग बसलेला भाग कडक होतो आणि सतत वाकला की तुटतो. म्हणून फोर्कजवळ, जिथे वायर रोज वळते, तिथे जोड नको; सगळे जोड हेडलाइटच्या आत किंवा टाकीखाली सरळ भागात ठेवा.

तारा पिळून वर काळी टेप, हे इकडच्या उन्हाळ्यात दोन महिने टिकतं. टेपचा गोंद वितळून सरकतो, त्यावर काळ्या मातीची धूळ बसते, पहिल्या पावसात ती भिजते आणि हॉर्न आपोआप वाजायला लागतो.

आता परीक्षा. गाडी न्यूट्रलवर चालू करा, हँडल डावीकडे पूर्ण, मग उजवीकडे पूर्ण फिरवा. इंजिनचा आवाज जराही वाढला तर एक्सलेटरची वायर आखूड आहे किंवा अडकतेय. गाडी बंद पडली तर इंजिन बंद करणाऱ्या किल स्विचची वायर ताणली जातेय. दोन्ही टोकांना हॉर्न, डिपर, इंडिकेटर, ब्रेकलाइट तपासा. हँडल लॉक लागतो का, स्विच टाकीला टेकतो का, आणि बसून यू-टर्न घेताना हँडल मांडीला लागतं का तेही बघा. यातलं काहीही खटकलं तर रस्त्यावर जायचं नाही.

कायद्याचं एवढंच. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 मूळ बनावटीत फेरफार करण्याला आळा घालतं, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 182अ मध्ये मालकाला दर बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही सांगितलं आहे. चौकात अडवलं तर वाद कुठल्या टोकाला जाईल सांगता येत नाही. जुनं हँडल, वायरी, पाइप एकत्र बांधून ठेवा. विमा कंपनीला बदल लेखी कळवा, अपघातानंतर कळवण्यात अर्थ नसतो.

पहिली फेरी वस्तीतच, 30 च्या आत, दोन-चार वेळा जोरात ब्रेक मारून. मग क्लॅम्प आणि हँडल यांच्यावर एक बारीक रेघ रंगानं ओढा आणि कन्नडच्या घाटात किंवा तोरणमाळच्या सातपायरी घाटात जाऊन या. उतारावर ब्रेक मारताना अंगाचा सगळा भार हँडलवर येतो आणि खरी पकड तिथेच कळते. 100 किमीनंतर सगळे बोल्ट पुन्हा तपासा, बॅन्जोभोवती बोट फिरवून ओल पाहा. रंगाची रेघ तुटून सरकलेली दिसली तर बोल्ट आणखी आवळू नका. हँडल काढून क्लॅम्पच्या आत रंग किंवा ग्रीस राहिलंय का ते आधी पाहा.